हलक्याची धाव

वायूंच्या रेणूंविषयीची सगळ्यांत महत्त्वाची प्रस्तावना १८९२ साली लंडनमध्ये छापली गेली. ती लिहिली भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी. ज्या निबंधाला ती जोडली होती, तो मात्र सत्तेचाळीस वर्षे आधी मुंबईहून गेलेला होता, आणि निबंध लिहिणाऱ्याला जाऊन नऊ वर्षे होत आली होती. त्या प्रस्तावनेची आठवण काढल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. पुढच्या धड्यांत जो नियम शिकायचा आहे, तो कारणासकट पहिल्यांदा कागदावर उतरला तो आपल्या मुंबईत.

त्या माणसाचे नाव जॉन जेम्स वॉटरस्टन. जन्म १८११, एडिंबरोचा. शिक्षणाने स्थापत्य अभियंता. १८३९ मध्ये तो मुंबईत आला आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारातल्या शिकाऊ अधिकाऱ्यांना शिकवू लागला. ही नोकरी सांभाळून त्याने एक मोठा निबंध लिहिला आणि १८४५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठवला. वायू म्हणजे सतत पळणाऱ्या आणि एकमेकांवर आदळणाऱ्या कणांची गर्दी, त्यांच्या धावण्याची ऊर्जा म्हणजेच उष्णता, आणि दोन वेगळ्या वायूंचे तापमान सारखे असेल तर त्यांच्या रेणूंच्या वेगांचे वर्ग वजनांच्या व्यस्त प्रमाणात असतात, असे त्याने त्यात मांडले होते. सोसायटीने निबंध दोन जाणकारांकडे पाठवला. त्यांतल्या एकाने अभिप्राय दिला की हे सगळे निरर्थक आहे, सभेपुढे वाचण्याच्याही लायकीचे नाही. निबंध छापला गेला नाही, आणि सोसायटीच्या रिवाजामुळे परतही मिळाला नाही. वॉटरस्टनने स्वतःजवळ दुसरी प्रत ठेवली नव्हती.

पुढे १८५७ मध्ये क्लॉसियस आणि १८५९ मध्ये मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञांनी हाच विचार आपापल्या वाटेने मांडला आणि तो जगाने स्वीकारला. वॉटरस्टन १८५७ मध्ये मायदेशी परतला होता. १८८३ च्या जूनमध्ये एक दिवस तो फिरायला म्हणून घराबाहेर पडला, तो परत आला नाही. पाण्यात पडून बुडाला असावा, असा घरच्यांचा समज झाला. ध्वनीवरच्या त्याच्या एका लेखात जुन्या निबंधाचा उल्लेख होता. तो धागा धरून रॅले यांनी सोसायटीच्या दप्तरातून १८९१ मध्ये निबंध शोधून काढला आणि पुढच्या वर्षी छापला. तो वेळेवर छापला न गेल्याने हा विषय दहा-पंधरा वर्षे मागे पडला, असे त्यांनी प्रस्तावनेत स्पष्ट लिहिले.

सांगली जिल्ह्यातल्या जतमध्ये बसून लिहिताना मला ही हकिकत फार जवळची वाटते. मी या तालुक्यात बरीच वर्षे रसायनशास्त्र शिकवले. उमदी, संख, माडग्याळ, बिळूर अशा गावांतून एसटीने येणारी मुले वर्गात बसत. अर्ध्यांच्या घरी कन्नड बोलत, अर्ध्यांच्या घरी मराठी. ‘हे सगळं तिकडं लांब कुठंतरी शोधलं असणार’ असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर कायम असे. पृष्ठावरचे सूत्र युरोपातून आले आणि आपण ते पाठ करायचे, एवढेच आपले काम, असे त्यांना वाटे. म्हणून मी हा विषय वॉटरस्टनपासून सुरू करायचो, आणि आताही तेच करतो आहे.

आता नियमाकडे येऊ. कोणत्याही वायूच्या एका मोलचे, म्हणजे ठरावीक संख्येइतक्या रेणूंचे, ग्रॅममधले वजन म्हणजे त्याचे मोलर वस्तुमान. हायड्रोजनचे २, हेलियमचे ४, पाण्याच्या वाफेचे १८, नायट्रोजनचे २८, ऑक्सिजनचे ३२, कार्बन डायऑक्साइडचे ४४, गंधक जाळल्यावर निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडचे ६४. यांतला प्रत्येक वायू २७ अंश सेल्सियसला ठेवला, तर हायड्रोजनचे रेणू सेकंदाला सुमारे १९३० मीटर धावतात, हेलियमचे १३७०, पाण्याच्या वाफेचे ६४५, नायट्रोजनचे ५१७, ऑक्सिजनचे ४८४, कार्बन डायऑक्साइडचे ४१२ आणि सल्फर डायऑक्साइडचे ३४२. हे आकडे पाठ करायचे नाहीत. सूत्र साधे आहे: वायूचा स्थिरांक ८.३१४, त्याला केल्विनमधल्या निरपेक्ष तापमानाने गुणायचे, तिनाने गुणायचे, किलोग्रॅममधल्या मोलर वस्तुमानाने भागायचे आणि वर्गमूळ काढायचे. वहीच्या एका पानावर सगळे आकडे पडताळून होतात.

हलका रेणू जोरात का धावतो, या प्रश्नावर मुले चटकन उत्तर देतात: हलका आहे म्हणून. हे उत्तर अपुरे आहे, आणि याच ठिकाणी थोडे थांबले पाहिजे. हलकी वस्तू आपोआप वेगवान नसते. अंगणात पडलेले पीस हलकेच असते, पण ते पडून राहते. रेणूंना धावायला लावते ती उष्णता, आणि उष्णता वाटणी करते ती ऊर्जेची, वेगाची नव्हे. तापमान सारखे म्हणजे प्रत्येक रेणूच्या वाट्याला सरासरीने सारखीच धावण्याची ऊर्जा, मग तो हायड्रोजनचा असो की गंधकाच्या धुराचा. वाटा सारखा मिळाला की हलक्याला तो खर्चायला जास्त वेगाने धावावे लागते.

मार्गशीर्षातल्या यल्लमाच्या जत्रेत जनावरांचा बाजार भरतो. तिथला एक खिल्लार बैल डोळ्यांसमोर आणा, समजा ४८० किलोचा. शेजारी ३० किलोची शेळी. बैल सेकंदाला दोन मीटर चालतो आहे. शेळीच्या धावण्यात तेवढीच ऊर्जा असायची तर ती किती वेगाने पळाली पाहिजे? ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. बैल शेळीच्या सोळा पट जड, म्हणून शेळीचा वेग सोळाच्या वर्गमुळाइतका, म्हणजे चौपट. सेकंदाला आठ मीटर. आता बैलाच्या जागी ऑक्सिजनचा रेणू ठेवा आणि शेळीच्या जागी हायड्रोजनचा. वजनाचे प्रमाण तेच, सोळास एक. वेगाचे प्रमाण तेच, एकास चार. वर दिलेले ४८४ आणि १९३० हे आकडे पुन्हा पाहा.

पण वाटणी सारखी होते तरी कशी? कोणी मोजून देत नाही. टकरी ती करतात. एका डब्यात जड आणि हलक्या गोट्या घालून डबा सतत हलवत राहा. सुरुवातीला सगळ्यांचा वेग सारखा असेल, तर जड गोटीकडे ऊर्जा जास्त. ती हलक्या गोटीवर आदळते तेव्हा सरासरीने काही ऊर्जा देऊन बसते. अशा टकरी होत होत एक वेळ अशी येते की सरासरीने कोणीच कोणाला काही देत नाही. तेव्हा ऊर्जा बरोबरीत आलेली असते आणि हलक्या गोट्या जडांपेक्षा वेगाने पळत असतात. ही बरोबरी वॉटरस्टनने ओळखली, आणि माझ्या मते त्याच्या निबंधाचा गाभा हाच आहे. कारण वर्गमुळाचा नियम प्रयोगातून आधीच हाती आला होता. टॉमस ग्रॅहम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने प्लास्टरच्या बुचातून वायू झिरपू देऊन १८३३ मध्ये दाखवले होते की झिरपण्याचा वेग घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. पुढे पातळ पत्र्याला पाडलेल्या सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून वायू सोडूनही त्याला तेच दिसले. नियम होता, पण त्यामागचे कारण कळलेले नव्हते.

तापमानाचा परिणामही वर्गमुळाचाच, आणि तो मुलांना नेहमी वाटतो त्यापेक्षा कमी असतो. जतच्या मे महिन्यात दुपारी ४२ अंश, डिसेंबरच्या पहाटे १२ अंश. आपल्या अंगाला हा फरक प्रचंड. पण निरपेक्ष मापात ते ३१५ आणि २८५ होतात, आणि रेणूंच्या वेगातला फरक जेमतेम पाच टक्के पडतो. उन्हाळा-हिवाळा रेणूंच्या वेगात जे करू शकत नाही, ते वजनातला फरक सहज करतो. वेगाच्या बाबतीत वायू कोणता आहे, हे तो किती तापला आहे यापेक्षा जास्त महत्त्वाचे ठरते, निदान आपण राहतो त्या तापमानांत.

आता एक शंका. ती माझ्या वर्गात दरवर्षी कोणीतरी काढायचेच, आणि १८५८ मध्ये बाइस-बॅलट या डच शास्त्रज्ञानेही क्लॉसियसपुढे तीच काढली होती. रेणू जर सेकंदाला चारपाचशे मीटर धावत असतील, तर खोलीच्या एका कोपऱ्यातला वास दुसऱ्या कोपऱ्यात पोहोचायला इतका वेळ का लागतो? आमच्याकडे ही शंका बेदाण्याच्या शेडवर येते. सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात, तासगाव-कवठेमहांकाळपासून जतपर्यंत, द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून जाळ्यांच्या रॅकवर पसरतात आणि सावलीत सुकवतात. मालाला पिवळा रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात. शेडच्या एका टोकाला गंधक पेटवला की दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला ठसका लगेच लागत नाही. सल्फर डायऑक्साइडचा रेणू सेकंदाला ३४२ मीटर धावतो म्हणता, मग शंभर फुटांना एवढा वेळ?

क्लॉसियसने दिलेले उत्तर आजही तसेच उभे आहे. रेणू धावतो खरा, पण त्याला सरळ धावू कोण देतो? आपल्या नेहमीच्या हवेत एक रेणू दुसऱ्यावर आदळण्याआधी सरासरीने एका मिलिमीटरच्या सुमारे पंधरा हजाराव्या भागाएवढेच अंतर कापतो. सेकंदाला सुमारे सातशे कोटी टकरा, आणि प्रत्येक टकरीला दिशा बदलते. भर जत्रेत देवळाकडे निघालेल्या माणसासारखी त्याची गत होते. पाय सतत चालतात, पण पुढे सरकणे थोडेच. हवा पूर्ण स्तब्ध असेल तर निव्वळ या भटकंतीने एक मीटर पसरायला काही तास लागतात. वास आपल्यापर्यंत येतो तो मुख्यतः वाऱ्यावर. बेदाण्याच्या शेडला वारा लागेल अशी जागा निवडतात त्याचेही कारण हेच. द्राक्षातून सुटलेल्या पाण्याच्या रेणूंचा वेग सेकंदाला ६४५ मीटर असला, तरी त्यांना घडाच्या आसपासची कोंदट हवा सोडून जायला वाराच लागतो.

म्हणून रेणूचा वेग आणि पसरण्याचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आधीच मनात पक्के करा. पुस्तकी उदाहरणे सोडवणाऱ्या हुशार मुलांचाही इथे गोंधळ होतो.

दुसरा गोंधळ विहिरीचा. हा जिवावर बेतणारा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आमच्या दुष्काळी भागात उन्हाळ्यात जुन्या, कोरड्या पडलेल्या विहिरींतला गाळ काढायला माणसे उतरतात. खोल, बंदिस्त, कुजका पालापाचोळा साचलेल्या विहिरीच्या तळाशी कार्बन डायऑक्साइड साठलेला असू शकतो, आणि उतरलेला माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच कोसळतो. कार्बन डायऑक्साइडचे मोलर वस्तुमान ४४, हवेचे सरासरी २९, म्हणून जड वायू खाली बसला, असे आपण सांगतो, आणि ते बरोबर आहे. पण मग वर्गात प्रश्न येतो: असे असेल तर सगळ्या वातावरणातला कार्बन डायऑक्साइड जमिनीलगत का बसत नाही? आपण सगळे गुदमरून का मेलो नाही?

कारण ‘खाली बसणे’ हा गुण एकेकट्या रेणूचा नाही. एकाच ठिकाणी वायूचा मोठा लोट सुटला, तर तो लोट हवेपेक्षा जड म्हणून खाली वाहतो, जसे पाणी उतारावर वाहते. वारा नसलेल्या खड्ड्यात तो तसाच पडून राहतो, कारण आताच पाहिले तसे, नुसत्या रेणूंच्या भटकंतीने मिसळायला फार वेळ लागतो. पण एकदा मिसळला की पुन्हा वेगळा होऊन तळाशी जात नाही. प्रत्येक रेणू सेकंदाला शेकडो मीटर धावत असतो, वारा सगळे ढवळत राहतो, आणि जमिनीपासून सुमारे १०० किलोमीटर उंचीपर्यंत नायट्रोजन, ऑक्सिजन आणि आर्गन यांचे प्रमाण जवळपास सारखेच राहते. घरातल्या सिलिंडरचा गॅसही विहिरीतल्या लोटासारखाच. त्यातल्या ब्युटेनचे मोलर वस्तुमान ५८. गळती झाली की तो जमिनीलगत पसरतो, आणि म्हणून नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दारेही उघडावी लागतात. विहिरीत उतरण्याआधी मात्र पंख्याने किंवा कॉम्प्रेसरने ताजी हवा तळापर्यंत सोडल्याशिवाय कोणीही उतरू नये. पेटता कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत पुरेशी नाही. दिवा पेटता राहील एवढा ऑक्सिजन असूनही तिथला कार्बन डायऑक्साइड माणसाला बेशुद्ध करण्याइतका असू शकतो.

आता काचेच्या नळीचा प्रयोग. तो पुढच्या धड्यांत आहेच. एक मीटर लांब नळी आडवी बांधायची, एका टोकाला अमोनियाच्या तीव्र द्रावणात बुडवलेला कापसाचा बोळा, दुसऱ्या टोकाला हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवलेला, दोन्ही एकाच क्षणी लावायचे. काही मिनिटांनी नळीत पांढरे कडे उमटते. तो नवसागर, कल्हईवाले वापरतात तोच. अमोनियाचे मोलर वस्तुमान १७, हायड्रोजन क्लोराइडचे ३६.५. नियम सरळ लावला तर अमोनिया १.४६ पट जोरात यावा आणि कडे अमोनियाच्या टोकापासून ५९ सेंटिमीटरवर पडावे.

मी हा प्रयोग पहिल्यांदा वर्गात केला तेव्हा कडे जवळपास मध्यावर पडले. नळी आतून नीट वाळलेली नव्हती, आणि दोन्ही वायू पाण्यात चटकन विरघळतात. दुसऱ्या वेळी नळी चुलीजवळ सुकवून घेतली. कडे सरकले, पण तरीही ५९ वर नाही. मुलींच्या बाकावरून आवाज आला, ‘‘सर, मग नियम चुकीचा हाय का?’’ त्या दिवशी मला समाधानकारक उत्तर देता आले नाही, आणि ते मी नंतर अभ्यास करून दिले. ग्रॅहमचा वर्गमुळाचा नियम अगदी काटेकोर लागू होतो तो बारीक छिद्रातून रिकाम्या जागेत निसटणाऱ्या वायूला. नळीत आधीच हवा आहे. दोन्ही वायूंना तिच्या रेणूंशी टकरा घेत वाट काढावी लागते, आणि त्या टकरींत हवेच्या रेणूंचे वजनही हिशेबात येते. त्यामुळे दोघांतला फरक कमी होतो. हलका पुढेच असतो, पण १.४६ पट नव्हे. कडे अमोनियाच्या टोकापासून लांब पडते, हे पाहा. ते नेमके किती लांब पडले, हे प्रामाणिकपणे मोजून लिहा. आकडा पुस्तकाशी जुळवण्यासाठी खाडाखोड करू नका. त्या मुलीचा प्रश्न माझ्या मनात अजून ताजा आहे, आणि हे धडे लिहून काढावेत असे पहिल्यांदा वाटले ते त्या प्रश्नामुळेच.

अगदी थोड्या फरकाचा उपयोगही माणसाने करून घेतला. युरेनियमच्या दोन प्रकारांच्या हेक्झाफ्लोराइडांची मोलर वस्तुमाने ३४९ आणि ३५२. वेगाचे प्रमाण काढले तर १.००४३. एवढ्या फरकावर ते वेगळे करायला हजारो पडद्यांतून एकामागून एक वायू ढकलावा लागला, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत ओक रिज इथे त्यासाठी अवाढव्य इमारत उभारली गेली. तो विषय इथे वाढवत नाही.

मला जास्त वेळ द्यायचा आहे तो हेलियमला, कारण त्याची गोष्ट जतच्या अगदी वेशीवरून जाते. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले आणि चंद्राची सावली कोकणच्या किनाऱ्यावरून पूर्वेकडे मच्छलीपट्टणपर्यंत गेली. विजयदुर्गावर लॉकियर या खगोलशास्त्रज्ञाने हेलियम शोधला असे आपल्याकडे अनेकदा सांगितले जाते आणि किल्ल्यावर तो दिवस साजराही होतो. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. त्याने सूर्याच्या कडेच्या वर्णपटातली पिवळी रेषा पाहिली ती २० ऑक्टोबरला, ग्रहणाशिवाय, आपल्या दुर्बिणीतून. पण ग्रहणाच्या दिवशी आपल्या शेजारी खरोखर काय घडले, ते फारसे कोणी सांगत नाही. जतच्या पूर्वेला विजापूर, तिथे कॅप्टन हेग. जतच्या दक्षिणेला जमखंडी, पटवर्धनांचे संस्थान, तिथे लेफ्टनंट जॉन हर्शेल. दोघेही वर्णपटदर्शक लावून बसले होते. पावसाळ्याचे दिवस, ढग येत-जात होते. ढगांच्या फटीतून हर्शेलला सूर्याच्या ज्वाळांच्या तीन झळझळीत रेषा दिसल्या: लाल, नारिंगी आणि निळी. नारिंगी रेषा सोडियमची असावी असे आधी वाटले. ती सोडियमची नव्हती. त्याच रेषेवरून लॉकियरने नव्या मूलद्रव्याची कल्पना केली आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला नाव दिले. पृथ्वीवर तो वायू हाती लागायला १८९५ साल उजाडले. विल्यम रॅमसेने तो एका युरेनियमयुक्त खनिजातून काढला.

विश्वात हायड्रोजनच्या खालोखाल विपुल असलेला वायू, आणि पृथ्वीवर सापडायला आधी सूर्यात पाहावा लागला. असे का? आपल्या हवेच्या दहा लाख भागांत हेलियमचे जेमतेम पाच भाग आहेत. खडकांतल्या युरेनियम-थोरियमच्या किरणोत्सारातून तो सतत नव्याने तयार होतो, तरी साठत नाही. उत्तर पुन्हा त्याच सूत्रात आहे. वातावरणाच्या अगदी वरच्या थरात तापमान हजार केल्विनच्या घरात जाते. तिथे ऑक्सिजनचा अणू सेकंदाला सव्वा किलोमीटर धावतो, हेलियमचा अडीच, हायड्रोजनचा पाच. पृथ्वीची ओढ तोडून जायला सुमारे ११ किलोमीटर लागतात. म्हणजे कोणीच पुरा पडत नाही, असे वाटेल. पण हे आकडे सरासरीचे आहेत. मॅक्सवेलने दाखवले की गर्दीत काही रेणू सरासरीच्या कितीतरी पुढे असतात. हायड्रोजनमध्ये असे पुढारलेले रेणू बऱ्यापैकी निघतात आणि निसटतात. हेलियममध्ये फार कमी, आणि त्याच्या निसटण्याला विद्युतभारित कणांचाही मोठा हातभार लागतो. ऑक्सिजन-नायट्रोजनमध्ये जवळपास नाहीतच, म्हणून ते राहिले आणि आपण श्वास घेतो. चंद्राची ओढ तोडायला सेकंदाला २.४ किलोमीटर पुरतात, आणि त्याला हवा राखता आली नाही. गुरूची तोडायला साठ लागतात, तिथून हायड्रोजनही सुटत नाही. ज्या वर्गमुळाने नळीतले पांढरे कडे मध्यापासून सरकवले, त्यानेच कोणत्या ग्रहाला कोणती हवा मिळायची हे पुष्कळ अंशी ठरवले.

हे धडे अकरावी-बारावीच्या मुलांसाठी लिहिले असले, तरी ते वाचायला सूत्र येण्याची अट नाही. भागाकार आणि वर्गमूळ यायला हवे. प्रत्येक धड्याच्या शेवटी करून पाहण्यासारखे काहीतरी आहे, आणि साहित्य जतच्या बाजारपेठेत मिळेल एवढेच मागितले आहे. पहिला प्रयोग जत्रेच्या दिवसांत करा. फुगेवाल्याकडून वर जाणारा गॅसचा एक फुगा घ्या. त्यात हेलियम असतो किंवा हायड्रोजन, आणि हायड्रोजन पेट घेतो, म्हणून चूल, समई, उदबत्ती यांच्यापासून तो लांब ठेवा. तसाच दुसरा फुगा तोंडाने तेवढाच फुगवा. दोन्हींना घट्ट गाठ मारून एकाच खोलीत बांधा. शिलाईच्या टेपने दोन्हींचा घेर संध्याकाळी मोजा, मग दर तीन तासांनी, आणि पहाटे उठून पुन्हा. गॅसचा फुगा रात्रीतून आक्रसतो आणि उतरू लागतो, तोंडाने फुगवलेला बराच टिकतो. पण घाईने ग्रॅहमचा नियम लावू नका. रबर म्हणजे नुसती छिद्रे नव्हेत. वायू रबरात विरघळूनही पलीकडे जातो, आणि कार्बन डायऑक्साइड हेलियमपेक्षा अकरा पट जड असूनही रबरातून फार चटकन निसटतो. खायचा सोडा आणि लिंबाच्या रसाने तिसरा फुगा फुगवून हेही मोजून पाहा. तिन्ही फुग्यांचे आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा, मग पहिला धडा उघडा.